मण्यांच्या डब्यातली काळी टोपी

सोमवार, ता. ४

सूनबाईने आज कॉम्प्युटरचं पोट उघडलं! मी कणीक मळायची सोडून बघत राहिले. बाजूचा पत्रा सरकवला तर आत धूळ ही एवढी — उशीत कापूस असावा तशी. कोरड्या ब्रशाने हळूहळू झाडली तिने. मी म्हटलं, ओलं फडकं देऊ? "अहो आई, नको! आंघोळ नाही घालायची त्याला." दोघी हसलो.

हा खटाटोप कशासाठी ते लिहून ठेवते. तिच्या लग्नाची डीव्हीडी आहे. त्यात विहीणबाई, म्हणजे तिची आई, बोलताना आहेत. लग्नानंतर चार महिन्यांत त्या गेल्या बिचाऱ्या. परवा भाजी चिरता चिरता सूनबाई म्हणाली, "चेहरा आठवतो हो, पण आईचा आवाजच आठवेनासा झालाय." आणि चिरत राहिली. मला घास गेला नाही त्या दिवशी.

ती डीव्हीडी आता लावायची कशात? टीव्हीखालचा डबा कधीच बिघडला. नव्या लॅपटॉपना तोंडच नाही. आमच्या ह्या जुन्याला आहे, पण त्याला फक्त माझ्या गाण्यांच्या सीड्या कळतात. म्हणून त्याला दुसरं तोंड बसवायचं. मुलगा म्हणतो, "कशाला उगाच! रविवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू." म्हणजे रविवारपर्यंतच काय ते!

मंगळवार, ता. ५

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो मला म्हणतो, "आजी, तुमचा कॉम्प्युटर फार म्हातारा झालाय." म्हटलं, मग माझं-त्याचं जमेल!

सूनबाईने त्याला चार प्रश्न विचारले — मागे चपटी पट्टी लागते तोच हवा, हा नको, तो दाखवा — तर तो गप्पा सोडून सरळ उभाच राहिला. शेवटी खोक्याच्या तळातून डीव्हीडीचा एक ड्राइव्ह काढून दिला. "ताई, कुठे काम करता तुम्ही?" "कुठे नाही. घरीच असते." मला काय अभिमान वाटला! रस्ताभर मान ताठ माझी, जशी काही मीच शिकवली तिला.

पण ही शिकली कुठे? अठरा वर्षं घरात आहे, कधी पेचकस हातात धरलेला पाहिला नाही मी. मिक्सर दुरुस्तीला माणूस आला की मात्र त्याच्याजवळून हलायची नाही. मला वाटायचं, त्याने काही ढापू नये म्हणून लक्ष ठेवते!

बुधवार, ता. ६

पाहुणे. दिवसभर चहाच चहा. काम तसंच. चडफड नुसती.

गुरुवार, ता. ७

आज बसवला! काय तो हात, काय ती नजाकत! आधी लोखंडी पत्र्याला बोट लावते, मग आतल्याला — अंगातली वीज उतरवायची म्हणे. पुढचं झाकण काढलं, ड्राइव्ह हळूच आत सरकवला, बरणी फळीवर ठेवावी तसा. चार स्क्रू, पण एकदम आवळत नाही. सगळे थोडे थोडे, मग पक्के. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण कामाचा हात मला कळतो.

जुना काढला नाही. माझ्या गाण्यांसाठी ठेवला म्हणाली. किती करते माझं!

सुरू केलं — दोन्ही गायब! नवा दिसेना आणि माझा जुनाही दिसेना. ती शांत. "आई, एकाच पट्टीवर दोघे बसलेत आणि दोघेही स्वतःला थोरला समजतायत." प्रत्येक ड्राइव्हच्या मागे बारीक काटे असतात, त्यांवर एक इवलीशी काळी टोपी असते. ती कुठल्या काट्यांवर बसवली त्यावर कोण थोरला, कोण धाकटा ते ठरतं. म्हटलं, कळलं! एका ओट्यावर दोन मालकिणी! इतकी हसली की पेचकस खाली पडला.

नव्याची टोपी काढून तिने टेबलावर ठेवली, तेवढ्यात मुलगा कामावरून आला. मग जेवणंच.

शुक्रवार, ता. ८

टोपी हरवली! सकाळपासून दोघी जमिनीवर रांगतोय. टेबलाखाली, केरात, पायपुसण्यात.

अकराच्या सुमारास माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल टेबल मीच आवरलं. काळा मणी दिसला, उचलला आणि टाकला मण्यांच्या डब्यात! मी मण्यांच्या पिशव्या करते ना. डब्यात काळे मणी हजारभर तरी. सांगितलं तिला. वाटलं, आता चिडणार. तर म्हणते कशी, "पिशवीत ओवली नाहीत ना? मग झालं."

परातीत सगळे मणी ओतले. डोळ्यांना सगळे सारखेच. मी डोळे मिटले आणि बोटं फिरवली. मणी गोल, हिला कोपरे. सापडली! बसवलीही मीच, माझ्या मण्यांच्या चिमट्याने. "आई, माझ्याहून तुमचा हात स्थिर आहे." ऐकलं का, कागदा?

सुरू केलं. एक थोरला, एक धाकटा, दोघे गुण्यागोविंदाने हजर!

डीव्हीडी उद्या लावू म्हणाली. छाती होईना तिची.

शनिवार, ता. ९

लागली. आधी घरघर, मग चित्र. विहीणबाई! निळी साडी, जराशा घोगऱ्या आवाजात माझ्याशी बोलतायत. "विहीणबाई, एकच सांगते. पोरीला यंत्रं उघडायचं वेड आहे. आमचा रेडिओ, पंखा, सगळं तिनेच दुरुस्त केलं. तेवढं तिला करू द्या."

आणि शेजारी मी. अठरा वर्षांनी तरुण, दात काढून हसतेय. "छे हो! आमच्यात बायका नाही असल्या खटपटी करत. महिन्याभरात विसरेल बघा!" सगळे हसले. मीच सर्वांत जोरात.

मला यातलं काहीएक आठवत नव्हतं.

सूनबाईने तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा. पाच-सहा वेळा. दर वेळी "करू द्या"पर्यंत ऐकायची आणि माझं तोंड उघडायच्या आत थांबवायची. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "साडी छान दिसत होती हो आई तुमची."

रविवार, ता. १०

भंगारवाल्याला परत पाठवलं. मण्यांचा डबा रिकामा करून, पुसून सूनबाईपुढे ठेवला. म्हटलं, स्क्रू ठेव यात. आणि माझं शिवणयंत्र अडतंय कधीचं, उघडतेस?

"तीन वर्षं झाली आई," ती म्हणाली, "काय बिघडलंय ते आवाजावरूनच कळत होतं मला."