वर्ग सुटल्यावरचं जुन्नर

डिंगोरे,
फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय आरती,

पाकीट बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या अप्पांचा गुडघा होता तसाच आहे. गाय व्यायली, कालवड झाली. रोज फोन होत असताना आईनं पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. फोनवर आपलं बोलणं जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, याच्या पुढे सरकत नाही आणि मला थोडं लांबचं सांगायचं आहे. शिवाय अभ्यासामुळे लिहायची सवय झाली आहे. पूर्वी सहीपुरतं पेन धरणारा हात आता सलग लिहितो, दुखत नाही.

मागे तू विचारलं होतंस, की रविवारी माझा वर्ग दुपारी सुटतो, मग घरी पोचायला संध्याकाळ का होते. मी म्हटलं, एस.टी. नसते. एस.टी. नसते हे खरं आहे, पण स्टँडच्या बाहेर आपल्या बाजूच्या जीपा दिवसभर सुटतात. हे तुला माहीत आहे, अप्पांना माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. मी मुद्दाम थांबते.

पहिल्या वर्षी थांबत नव्हते. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म तूच मोबाईलवरून भरलास, लग्नाच्या आधी, तू गेल्यावर मला घर खायला उठू नये म्हणून. मीही ते तसंच धरलं होतं. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, सर सांगतील ते उतरवायचं आणि सुटल्यावर पिशवी उचलून जीप गाठायची. दुसऱ्या वर्षी शेजारी दोघीजणी बसायला लागल्या. एक स्नेहा, महाळुंगे पडवळची. तुझ्याहून लहान आहे. नारायणगावला औषधांच्या दुकानात काम करते आणि तिला अधिकाऱ्याच्या परीक्षा द्यायच्या आहेत. दुसरी ठमाबाई, कुकडेश्वराकडच्या वाडीतली, माझ्याहून मोठी. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला आली होती. मी तिला एकदा विचारलं, या वयात कशाला हे. ती म्हणाली, "इतकी वर्सं शाळेच्या चुलीपाशी काढली. म्हटलं, आत काय चालतं ते बसून बघावं."

तिला खरंच एस.टी.शिवाय गत्यंतर नव्हतं, कारण तिच्या बाजूला दुसरं काही जात नाही. गाडी संध्याकाळची. म्हणून ती एकटीच बाजारात भटकायची. एका रविवारी ती आणि स्नेहा मला म्हणाल्या, चल आमच्याबरोबर, आणि मी गेले. एवढंच झालं.

जुन्नरला मी लग्न होऊन आल्यापासून जाते. पण कशाला, तर बी-बियाणं, दवाखाना, तुझी वह्या-पुस्तकं, कुणाच्या लग्नाचा बस्ता. काम झालं की परत. नुसतं गाव बघायला गाव असतं, हे मला ठाऊक नव्हतं. खिशात फार नसलं तरी एक दुपार घालवायला त्या पेठेत इतकं आहे, की महिने सरले तरी आमचं संपलं नाही. रविवारचा बाजार भरलेला असतोच. त्यात एका टोकाकडून शिरायचं, काही घ्यायचं नाही, भाव मात्र सगळ्यांचे विचारायचे. भेळ एकच घ्यायची, तिघींत. तिखट किती यावर दर वेळी वाद, कारण स्नेहाला झणझणीत लागते आणि ठमाबाईचे दात हलतात, हिरड्यांना झोंबतं. मग पेठेतल्या एका कापड दुकानात. ठमाबाई दुकानात पाय ठेवताच सांगून टाकायची, "घ्यायची न्हाई भाऊ, बघायची हाय." मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्या दुकानदारालाही कंटाळा आलेला असतो. त्यानं पैठण्या उलगडून दाखवल्या. पुढे पुढे तर नवीन माल आला की तो आमची वाट बघायचा, कारण कुठल्या साडीला बायका भुलतील हे ठमाबाई आधी सांगायची आणि ते बहुतेक खरं ठरायचं.

वाचनालयात तिघी पहिल्यांदा शिरलो तेव्हा वर्तमानपत्रामागची सगळी डोकी वर आली. सगळे पुरुष. आम्हाला वाटलं उठवतील. कुणी उठवलं नाही. एका आजोबांनी पंख्याखालची खुर्ची दिली. तिथं मी रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. आपल्याकडे येते ती, अप्पांनी वाचून तिच्यावर बियाणं वाळत घातलेलं असतं.

उन्हं उतरली की शिवनेरीकडे. गडावर मी शिवजयंतीला गर्दीतून जाऊन आलेली आहे, तुला कडेवर घेऊनही. पण गडाच्या पोटात लेणी आहेत आणि तिथं चिटपाखरू नसतं, हे मला स्नेहानं दाखवलं. वाट अवघड आहे, आम्ही झेपेल तेवढंच चढायचो. आत गारवा. स्नेहा चप्पल बाहेर काढते, स्तूपासमोर हात जोडते आणि गप्प बसते. तिची आजी पारूबाई तिला लहानपणी अशीच लेण्यांत घेऊन जायची, आणि तिथं मोठ्यानं बोलू द्यायची नाही. आम्हीही मग बोलायचो नाही. आरती, मी बायकांबरोबर बसले आहे आणि कुणी बोलत नाही, असं माझ्या आयुष्यात याआधी झालेलं नव्हतं. स्वयंपाक, पाहुणे, सून, कुणाचं काय दुखतं, काही नाही. खाली गाव दिसतं, पलीकडे लेण्याद्रीचा डोंगर. बसायचं आणि उठायचं.

एकदा अप्पा मोटर दुरुस्तीला टाकायला जुन्नरला आले होते. त्या दिवशी आम्ही स्टँडजवळ कट्ट्यावर बसून सरांची नक्कल करत होतो. नक्कल मी करत होते. मला ते दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढत असताना म्हणाले, "काल तुला बगितली. हाक मारनार व्हतो. पन म्हनलं, आपलं तिथं काय काम." मला वाटलं राग आला असेल. पुढच्या रविवारी मी उठले तर धारा काढून, दूध डेअरीला घालून ते परत आलेले. तेव्हापासून रविवारची धार त्यांची आहे.

दिवाळीत ठमाबाई गेली. वाईट मनात आणू नकोस, मुलाकडे गेली. तिचा गोरख भोसरीला कंपनीत आहे, सूनही नोकरी करते. त्यांच्या मुलाला सांभाळायला कुणी नव्हतं. तो येऊन घेऊन गेला. शेवटच्या रविवारी ती वर्गाला आली तेव्हा तिनं आम्हाला सांगितलं, की थोडे दिवस जाते, परीक्षेला येते. खिचडीचं काम तिनं शेजारणीला दिलं होतं. पुस्तकं मात्र बरोबर नेली. नंतरचे दोन-तीन रविवार मी आणि स्नेहा भेळ घेऊन बसलो, पण दोघींत ती संपेना.

जानेवारीत मी तुझ्याकडे पुण्याला आले होते. त्यातली एक दुपार मी ओळखीच्या बाईला भेटून येते म्हणून गेले, तुला आठवत असेल. तू कॅब करून दिलीस. मी भोसरीला ठमाबाईकडे गेले होते.

तिचं चांगलं चाललं आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तू लगेच सुनेला नावं ठेवशील. घर नीटनेटकं, उजेडाचं. अंगावर नवी साडी, कवळी बसवून दिलेली. सुनेनं सकाळी डब्याबरोबर आमच्यासाठी शिरा करून ठेवला होता. नातू गुटगुटीत आहे, तिच्या मांडीवरून हलत नव्हता. मी तिला वर्गातलं सांगायला लागले, तर ती म्हणाली, ते राहू दे, मागच्या रविवारी कुठं गेलात ते सांग. मी सांगितलं. कापड दुकानात नवीन काय आलं, वाचनालयातल्या आजोबांनी स्नेहाला कसलं पुस्तक काढून ठेवलं, बाजारात बोरं आली का. ती पोराला थोपटत सगळं ऐकत होती. मध्येच विचारायची, आणि मग? सांगण्यासारखं संपलं तरी विचारत होती.

निघताना मी म्हटलं, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आली आहे. ती दारापर्यंत आली. म्हणाली, "बरं हाय माझं. पोरगा गुणी हाय, सून वाकडं बोलत न्हाई. काय सांगू त्यास्नी, काय कमी हाय म्हनून? फकस्त इथं रविवार येत न्हाई, अंजना." सुट्टीच्या दिवशी मुलगा-सून आठवड्याची झोप काढतात, सामान आणायला जातात, मूल हिच्याकडेच. यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. तिलाही वाटत नाही. तिनं फॉर्म भरलेला नाही.

परत आल्यावर तू विचारलंस, बाई बरी आहे ना. मी म्हटलं, मजेत आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, की बाळंतपणाची रजा संपली की दोन-तीन वर्षं पुण्यालाच येऊन राहा, बाळ शाळेत जाईपर्यंत, डिग्रीचं काय, नंतरही होईल. स्वराजरावांनीही मागून आवाज दिला, "आई, तुमच्याशिवाय आहे कोण." मी बघू म्हणाले. बघू म्हणजे हो, हे तू लहानपणापासून ओळखतेस. तुझा आवाज कानावर पडला की मला नाही म्हणता येत नाही. आजवर कधी आलेलं नाही. म्हणून कागदावर म्हणते आहे. मी येणार नाही. बाळंतपणाला तू इकडे ये, ते मी हौसेनं करीन, त्यात काही बदल नाही. बाळ आजारी पडलं तर मध्यरात्री निघून येईन. पण राहायला येणार नाही. ऑफिसजवळ चांगलं पाळणाघर बघा, मी बरोबर येऊन बघते. जुलैत माझं शेवटचं वर्ष सुरू होतंय, आणि ते झाल्यावरही मी रविवारी जुन्नरला जाणार आहे. अप्पांना विचारलं, तर म्हणाले, तुझं तू सांग तिला. तुला राग येईल, रडूही येईल. या अवस्थेत आईनं असं लिहावं का, असं मलाच दोनदा वाटलं आणि दोनदा कागद बाजूला ठेवला. पण आत्ता नाही सांगितलं, तर ऑक्टोबरात मी बॅग भरून तुझ्या दारात उभी असेन आणि मला यायचं नव्हतं हे तुला कधी कळणारही नाही. पत्र वाचल्या वाचल्या फोन करू नकोस. दोन दिवस जाऊ दे. नाहीतर तू नुसतं "आई" म्हणशील आणि मी हो म्हणून बसेन.

रविवार सोडून तुझीच,
आई