गाण्यातला पाय

ऑकलंड,
५ फेब्रुवारी १९९८

ती. अनासेइनी आत्यास,
कितिओनेचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही ठीक आहोत. मला नोकरी लागल्याचं आईने कळवलं असेलच. मुलगा चर्चची गाणी सांभाळतो, असं ती सगळ्यांना सांगते, त्यामुळे लोकांना वाटतं मी पाद्री झालो. तसं काही नाही. बेटाबेटांवरच्या गायकवृंदांचे जुने कागद आणि टेपा इथल्या संग्रहालयात येतात. मी त्यांची बुरशी पुसतो, टेप नवीन टेपवर उतरवतो, तिचं कार्ड करतो आणि ती थंड खोलीत ठेवतो. आपले सूर आकड्यांत लिहिलेले पाहून आमच्या मिस हार्डी विचारत होत्या, की आकडे तिनापासून का सुरू होतात, एक आणि दोन कुठे गेले. मी म्हटलं, गरीब देश आहे, आहे त्यात भागवतो.

आता मुद्द्याचं. बाबांच्या अंत्यविधीत तुम्ही थोरल्या मानाच्या बहिणीला मिळणाऱ्या फाहूच्या जागी बसला होतात. आलेल्या चटया आणि सालीचं कापड तुम्ही सगळ्यांना वाटून टाकलंत आणि स्वतःकडे फक्त बाबांच्या टेपांचा खोका ठेवलात. बहिणीचा हक्कच तो, त्यावर कोण बोलणार. पण त्यात चर्चच्या उद्घाटनाला बाबांनी रचलेल्या मोठ्या गाण्याची एकुलती एक टेप आहे. कागदावर ते गाणं कुठेच नाही. बाबा फळ्यावर आकडे लिहायचे आणि तालीम संपली, की रस्त्यापलीकडच्या चर्चवाल्यांनी उतरवून घेऊ नयेत म्हणून स्वतःच्या हाताने पुसायचे. टेपला बुरशी लागली, की सगळंच संपेल. लिसिआतेकाकांची मुलगी इकडे येणार आहे, तिच्याबरोबर पाठवाल का?

लोभ आहेच, तो खोक्यासकट इकडे वळावा ही विनंती.

तुमचा,
कितिओने

---

वाइतोआ, हाआपाई,
२२ फेब्रुवारी

चि. कितिओने यास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तिकडे टेपांना थंडगार खोली आहे म्हणतोस. इथे तुझी आत्या पत्र्याखाली उकडून निघते आहे, तिचं कार्ड कधी करतोस?

टेप पाठवते आहे. मी ऐकायला लावली होती तर आमच्या यंत्राने ती जवळजवळ गिळलीच. शेजारच्या पोराने पेन्सिल घालून परत गुंडाळली. नीट बघ.

गावाकडचं काय सांगू! आपल्या गायकवृंदात आता म्हातारेच उरलेत. खर्जाला दोघेच, त्यातल्या लिसिआतेला दात नाहीत आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही. बाकीचे सगळे तुमच्याकडे फळं तोडायला नाहीतर अमेरिकेत. रस्त्यापलीकडे मात्र चंगळ आहे. त्यांची गाणी बसवणाऱ्या सामिसोनीने तरुण पोरं अशी जमवलीत, की तालमीला आमच्या खिडक्या थरथरतात. आठवतंय ना, छप्पर लाल रंगवायचं की हिरवं, यावरून अर्धं चर्च उठून पलीकडे गेलं होतं. सगळा खर्ज तिकडे गेला आणि सगळा तोरा इकडे राहिला. आता दोन्ही छपरं गंजून सारख्याच रंगाची झाली आहेत.

जेवणाची हयगय करू नकोस. तिकडे अळूची पानं मिळतात असं तुझी आई सांगत होती, तेव्हा रविवारी पानांत मांस बांधून लू होत असेल अशी आशा.

आशीर्वाद आहेतच, ते वाया घालवू नयेत.

तुझी आत्या,
अनासेइनी

---

ऑकलंड,
१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

टेप सुखरूप पोचली. पुडकं सोडलं तर खोलीभर खोबरेल तेलाचा वास. लहानपणी बाबांच्या वस्तूंना हात लावायची आम्हा मुलांना मनाई होती, त्यामुळे टेप यंत्रात घालताना उगीचच इकडेतिकडे पाहून घेतलं.

गाणं शाबूत आहे. खरखर काढणारे आमचे ग्रेग म्हणून आहेत. त्यांनी मला बोलावून विचारलं, की दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी धाडकन आवाज येतो तो काय, काही पडलं का, काढून टाकू का. मी ऐकलं आणि हसायलाच लागलो. तो बाबांचा पाय! खर्जवाले तिथे नेहमी झोपायचे आणि बाबा लाकडी जमिनीवर पाय आपटून त्यांना उठवायचे. मी ग्रेगना सांगितलं, की खरखर काढा, पाय राहू द्या.

कार्डावर 'रचना : मोसेसे, वाइतोआ' असं लिहिलं. वडिलांचं नाव इतक्या सावकाश मी कधी लिहिलं नव्हतं.

एक अवघड गोष्ट घडली. रस्त्यापलीकडून सामिसोनीचं पत्र संग्रहालयाला आलं. त्याला हे गाणं बसवायचं आहे, प्रत हवी आहे. पत्र फार नम्र होतं. पण बाबांनी शेवटच्या दिवसांत मला जवळ बसवून शब्द घेतला होता, की माझं गाणं त्या दारात जाऊ देऊ नकोस. मी त्याला नाही म्हणून कळवलं. वाईट वाटलं, पण शब्द तो शब्द.

तब्येतीस जपावे, भाच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमचा,
कितिओने

---

वाइतोआ,
२९ मार्च

चि. कितिओने यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि सामिसोनीला गेलेला तुझा नकार एकाच बोटीने आले. बिचारा तो कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला होता. कागद वाचून मी त्याला नारळाचं पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

आता नीट वाच. त्या कार्डावरचं नाव बदल. 'रचना : अनासेइनी' असं लिही. भावाचं ते बहिणीचं, हे तुला शिकवायला नको. आणि त्या स्वच्छ केलेल्या टेपची एक प्रत मला पाठव. का म्हणून विचारू नकोस. तुझ्या बापाने मला कधी विचारलं नाही.

इकडे पाऊस बरा आहे. डुकरीला पिलं झाली.

तुझी आत्या,
अनासेइनी

---

ऑकलंड,
१९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. कार्ड बदललं. प्रत याच पुडक्यात आहे.

मिस हार्डींनी विचारलं, की आधीचं नाव चुकीचं होतं का. आमच्याकडे बापाच्या बहिणीला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना कसं समजावणार! चूक झाली म्हणालो. आईला फोन केला तर ती म्हणाली, आत्या घर मागेल तर घरही द्यायचं, गाण्याचं काय घेऊन बसलास.

पण आत्या, लिहायला हवं म्हणून लिहितो. मला तुमचा राग आला आहे. चटया मागितल्या असत्यात, जमीन मागितली असतीत, तरी काही वाटलं नसतं. बाबांनी आयुष्यात दुसरं काय केलं? मासे धरले आणि हे एक गाणं रचलं. त्यावरचं त्यांचं नाव मी माझ्या हाताने काढलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

अधिक लिहीत नाही. लहान तोंडी मोठा घास झाला असल्यास पोटात घालावा.

कितिओने

---

वाइतोआ,
२८ जून

चि. कितिओने यास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझा राग टेपबरोबरच पोचला. दोन्ही जपून ठेवले. उत्तर मुद्दाम उशिरा लिहिते आहे, कारण आधी सांगण्यासारखं काही नव्हतं.

तुझा बाप आजारी होता तेव्हा मी कुठे होते, तुला आठवतं? बहिणीने भावाच्या झोपायच्या खोलीत जायचं नाही. मग मी त्याच्या खिडकीखाली चटई विणत बसायचे. त्याने तुझ्याकडून शब्द घेतला तो मी बाहेरून ऐकला. आत जाता आलं असतं तर तिथेच त्याचा कान पिळला असता. मरताना पोराच्या गळ्यात असलं ओझं कुणी बांधतं का?

आता बघ, तू शब्द दिलास तो बापाच्या गाण्याबद्दल. आत्याच्या गाण्याबद्दल तू कुणाला काही कबूल केलेलं नाहीस. आणि माझं गाणं मी कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. तुझी प्रत आली त्याच दिवशी मी रस्ता ओलांडला आणि ती सामिसोनीच्या हातात ठेवली. प्रतीसाठी तुझ्या संग्रहालयाला पत्र लिही, असंही मीच त्याला सुचवलं होतं. तू त्या शब्दाला इतका चिकटून बसशील असं मला वाटलं नव्हतं. बापावर गेलास.

ते गाणं आमच्याकडे कोण गाणार होतं? लिसिआतेचे दात? तुझी थंड खोली चांगली आहे, पण गाणं तिथे नुसतं निजून राहतं.

आज त्यांच्या चर्चचा वाढदिवस होता. आपले म्हातारे रिवाजाप्रमाणे कमरेला चांगल्या चटया बांधून पलीकडे गेले आणि त्यांच्या बाकांवर दाटीवाटीने बसले. सामिसोनीने म्हाताऱ्यांनाही उभं केलं आणि सगळे मिळून गायले. मी बाहेर पायरीवर बसले होते, मला आत उकडतं.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी आले आणि झाडून सगळ्या पुरुषांनी एकदम धाडकन पाय आपटला. चर्च हललं! तुझ्या टेपवर ऐकून त्यांना वाटलं, गाण्यातच आहे. सामिसोनीने म्हणे फळ्यावर आकड्यांच्या मध्ये तिथे फुली मारून ठेवली होती आणि पोरांकडून ती रोज घोटून घेतली. आपले म्हातारे गाणं सोडून हसायला लागले. मी हसले नाही. पंखा तोंडावर धरला आणि पोटभर रडले. तो गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. आणि खर्ज वेळेवर आला, बरं का. माझ्या भावाला जन्मभर जमलं नाही ते झालं.

ती फुली पुसू नकोस, असं मी सामिसोनीला बजावलं आहे. तो म्हणाला, ती पुसली तर गाणं कसं ओळखायचं.

माझं काम झालं. आता त्या कार्डावरून माझं नाव काढ आणि त्याचं घाल, पहिल्यासारखंच सावकाश. आणि जेवत जा.

रागातही लोभ असू दे, मला दोन्ही चालतात.

तुझी आत्या,
अनासेइनी