सोल्युशन सुकेपर्यंत

मी, सोफे दुरुस्त करणाऱ्याची विधवा, गल्लीत जिला कात्री म्हणतात ती, दुसरीपर्यंत शिकलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझ्यावर करायची कोणाची छाती आहे?

काल दुपारी एक अनोळखी माणूस टेप घेऊन माझ्या खोलीत शिरला. म्हणाला, "आजी, जरा पाय वर घ्या, खाटेखालची जमीन मोजायचीय." कशाला, असं विचारलं तेव्हा कळलं. लेकाने पत्त्यात घर लावलं होतं आणि ह्या माणसाला हरला होता. घर माझ्या नावावर, मी जिवंत, खाटेवर बसलेली! लेकाला विचारलं, "मेल्या, आईसकट घर लावलंस?" तर म्हणतो, "पुढच्या डावात परत आणतो ना."

कलम एक. घर. हे आम्ही नवराबायकोने लोकांच्या सोफ्यांचे खिळे उपटून उभं केलं. माझ्यामागे ते पूर्णपणे सूनबाईचं. लेकाने तिथे राहावं, जेवावं. विकायचा, गहाण टाकायचा, डावाला लावायचा हक्क त्याला नाही. सूनबाई, रडत बसू नकोस, कागद सांभाळ.

कलम दोन. दुकान लेकाला. का, ते लिहिते, नाहीतर म्हणाल म्हातारीला चळ लागला. कामावर असताना तो खरंच जिंकायचा. फोम चिकटवायला सोल्युशन लावलं की ते सुकत येईपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात शेजारच्या सुताराबरोबर एक डाव. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की उठायचंच, उशीर झाला तर फोम धरत नाही. हातात चांगले पत्ते असले तरी उठायचा. सुतार ओरडायचा, "पळपुट्या, बस की!" हा म्हणायचा, "फोम काय तुझा बाप दाबणार?"

मग जावईबापूंनी अक्कल पाजळली. "एवढ्याशा वेळात एवढं जिंकतो, दिवसभर बसला तर राजा होईल." आणि घरादाराला पटलं! सूनबाईने दुकान सांभाळायचं ठरलं, हा मोकळा झाला. मोकळा कसला, सुटला. जिंकला तर अजून हवं म्हणून बसायचा, हरला तर भरून काढायला बसायचा. उठवायला सोल्युशन नव्हतं ना. मोकळ्या वेळाने पत्ते चांगले येत नाहीत, बाबांनो, नुसते जास्त येतात.

म्हणून अट. दुकान रोज त्यानेच उघडायचं, त्यानेच काम करायचं. नाही केलं तर दुकानही सूनबाईचं. पत्त्यांना बंदी घालत नाही, तो ऐकणार नाही. सोल्युशन सुकेपर्यंत खेळावं.

कलम तीन. माझी मोठी कात्री सूनबाईला. खिळे उपटायची पक्कड जावईबापूंना. पुढच्या वेळी सल्ला सुचला की त्यांनी त्याच पकडीने स्वतःची जीभ धरावी.

ठिकाण: माझीच खोली, माझीच खाट. तारीख: टेपवाला आला त्याचा दुसरा दिवस.

सही: कात्री

साक्षीदार पहिला: सुतार. "पळपुट्या" म्हटल्याबद्दल आधी कान धरले, मग सही केली.

साक्षीदार दुसरा: टेपवाला. आज किल्ली मागायला आला होता. मी हा कागद पुढे केला आणि कलम एक मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर त्याने पाणी मागितलं. प्यायला, सही केली, गेला. टेप इथेच विसरला.

तीही सूनबाईला. सोफे मोजायला होईल.