लॅमिनेट केलेली लेव्ह

पुणे, मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

परवा या वहीत लिहिलं ते चूक आहे. बल्गेरियात युरो आला म्हणून तिथल्या जुन्या चलनाच्या, लेव्हच्या, नोटा रद्दी होत नाहीत. दुकानदार घेणार नाही, पण तिथली बँक बदलून देते. आणि मी नियम न वाचताच काकांना, शाळेत असताना मला घरी गणित शिकवणाऱ्या काकांना, त्यांनी माझ्या तिथल्या सहलीसाठी दिलेल्या तिन्ही नोटा 'आता रद्दी' म्हणून परत केल्या.

आज फोनवर म्हणाले, "अगं, एक लॅमिनेट करून घेतली. पोथीत खूण म्हणून झकास. उरलेल्या दोन शुक्रवारी रद्दीत टाकतो."

लॅमिनेट केलेली नोट बँक घेते? कुठेच लिहिलेलं नाही. कोण लॅमिनेट करतं नोट? खरं सांगायचं सोडून मी "छान" म्हणाले.

ते नक्की विचारणार, "रद्दी झाल्या हे कुठे वाचलं होतंस?" कुठेच नाही, काका.

गुरुवारी, ५ तारखेला, ऑफिसच्या आधी बिबवेवाडीला, काकांकडे, खरं सांगायला.