शुक्रवारी सकाळी आठ ते दहा एवढाच वेळ सुरू होणाऱ्या संगणकाबाबत

प्रति,
मा. यंत्रसामग्री अधिकारी,
निदान उपकरण देखभाल कक्ष,
ठाणे.

विषय : जानकीबाई स्मारक क्षयरोग निदान केंद्र, भिवंडी येथील तपासणी यंत्राची नोंद ‘चालू’ऐवजी ‘बंद’ अशी करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या तक्रारी दि. १/१२/२०२५, ८/१२/२०२५, २२/१२/२०२५, १९/१/२०२६ व २७/१/२०२६.
२) आपल्या कक्षाचे पत्र दि. १५/१/२०२६ : ‘यंत्र चालू असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही.’

महोदय,

१. अर्जदार सदर केंद्रात अकरा वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करते. शिक्षण एम.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र). केंद्रात थुंकी तपासण्याचे एक यंत्र आहे. रुग्णाच्या क्षयाचे जंतू नेहमीच्या औषधाला दाद देतात की नाही, हे ते यंत्र एक तास पन्नास मिनिटांत सांगते. यंत्राला स्वतःची बुद्धी नाही. ते शेजारच्या संगणकावर चालते, आणि संगणक सुरू झाला नाही तर ते नुसते एक पांढरे कपाट असते.

२. दि. १/१२/२०२५ रोजी सकाळी संगणक सुरू झाला नाही. बटण दाबल्यावर आतला पंखा फिरतो, दोन सेकंदांत थांबतो, पुन्हा फिरतो, पुन्हा थांबतो. पडदा काळाच राहतो. अर्जदाराने केबली काढून पुन्हा बसवल्या, दुसरा पडदा लावून पाहिला, कीबोर्ड, माऊस आणि यंत्र तिन्ही वेगळे करून नुसता संगणक सुरू करून पाहिला. केंद्राच्या तिन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने असल्यामुळे हवेत कापसाची कुसळे असतात, ती पंख्यावर घोंगडीसारखी बसली होती. ती ब्रशने काढली. फरक पडला नाही. त्याच दिवशी तक्रार नोंदवली.

३. शुक्रवारी दि. ५ रोजी सकाळी सव्वानऊ वाजता देखभाल कंत्राटदाराचे अभियंता श्री. धनेश आले. त्यांनी बटण दाबले आणि संगणक सुरू झाला. “मॅडम, चालू तर आहे की,” असे म्हणून त्यांनी चालू पडद्याचा फोटो काढला व तक्रार बंद केली. शनिवारी संगणक सुरू झाला नाही. दुसऱ्या व तिसऱ्या तक्रारीचेही हेच झाले. तिसऱ्या वेळी श्री. धनेश यांनी अर्जदाराला समजावले की काही मशिनींना माणसाचा हात लागतो. ते चांगले गृहस्थ आहेत व त्यांनी हे चेष्टेने म्हटले नाही.

४. हाताचा गुण हे कारण अर्जदाराला पटले नाही. म्हणून दि. २/१२/२०२५ ते दि. ९/१/२०२६ या एकोणचाळीस दिवसांत, रविवारसह, रोज तीन वेळा भिंतीवरच्या सॉकेटमधला व्होल्टेज मोजला आणि त्याच क्षणी संगणक सुरू होतो का ते पाहिले. एकशे सतरा नोंदींचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यातून दिसते ते असे : लूम चालू असताना व्होल्टेज १४८ ते १६५ असतो आणि संगणक एकदाही सुरू होत नाही. वीज असून लूम बंद असताना व्होल्टेज २२० च्या पुढे जातो आणि संगणक प्रत्येक वेळी सुरू होतो.

भिवंडीत लूमला सुटी शुक्रवारी असते, हे आपणास ठाऊक असेलच. गुरुवारची रात्रपाळी शुक्रवारी सकाळी आठला सुटते. शुक्रवारी कारखाने बंद म्हणून वीज कंपनी दुरुस्तीसाठी आमच्या भागाची वीज दहा वाजता बंद करते आणि संध्याकाळी पाचला सोडते. पाचला वीज येते तेव्हा लूमही सुरू होतात. म्हणजे आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांपैकी सदर संगणक दोन तास निरोगी असतो, आणि श्री. धनेश नेमके त्या दोन तासांत येतात.

५. ‘शुक्रवार सोडून कोणत्याही वारी यावे’ असे अर्जदाराने चौथ्या तक्रारीत ठळक अक्षरांत लिहिले. त्यावर श्री. धनेश यांचा फोन आला. “मॅडम, शुक्रवारशिवाय भिवंडीत शिरतो कोण? मानकोली नाक्याच्या ट्रॅफिकमध्येच अर्धा दिवस जातो. आमच्या चार्टला भिवंडी म्हणजे शुक्रवार.” त्यांचेही खोटे नाही. लूम बंद असतात म्हणूनच त्या दिवशी रस्ता मोकळा असतो.

६. आपणास सुचतील असे उपाय करून झाले आहेत. स्टॅबिलायझर आणून लावला. संगणक सुरू झाला, पण आजूबाजूचे लूम सतत चालू-बंद होत असल्यामुळे स्टॅबिलायझर दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज करून पायरी बदलतो आणि त्या क्षणी संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सर्वांत लांब चाललेली तपासणी तेवीस मिनिटे टिकली. यंत्र दुसऱ्या इमारतीत हलवण्याची परवानगी मागितली, तेव्हा चालू यंत्र हलवण्याचे कारण दिसून येत नाही असे उत्तर आले. शेजारचे कारखानदार श्री. केसरीनाथ यांना अर्जदार जाऊन भेटली. ते म्हणाले, “एका पोरीचा सवाल हाय ना? घ्या दोन तास,” आणि मंगळवार दि. २० जानेवारी रोजी भर दुपारी त्यांनी आपले चोवीस लूम थांबवले. व्होल्टेज १५४ वरून १५९ वर गेला. त्याच ट्रान्सफॉर्मरवर एकूण तीनशे बारा लूम आहेत. “बाकीच्यांना सांगून बगू?” असे त्यांनी विचारले व स्वतःच उत्तर दिले, “हसतील मना.”

७. श्री. केसरीनाथ यांनी उल्लेखिलेली पोर म्हणजे रूपा, वय १९, वडिलांचे नाव बुधा, आईचे नाव धाकली, राहणार अंबाडीच्या पुढचा एक पाडा. नाव तिच्या परवानगीने लिहीत आहे. ती काल्हेरच्या एका गोदामात पॅकिंगचे काम करत असे. तिने पाच महिने नेहमीची औषधे एक दिवस न चुकवता घेतली. तिच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे अर्जदाराने मोजली आहेत. तरी थुंकीत जंतू आहेत आणि वजन उतरते आहे. जंतू औषधाला दाद देत नसावेत अशी शंका डॉक्टरांनी लिहून दिली आहे. यंत्राच्या अहवालाशिवाय औषध बदलता येत नाही, असेही त्याच कागदावर लिहिले आहे. दि. १३ जानेवारीला ती स्वतः चालत आली. वजन ३४ किलो.

दि. १४ रोजी तिला नमुन्यासह ठाण्याच्या केंद्रात पाठवले. तिथून तिला परत पाठवण्यात आले, कारण नियमाप्रमाणे एका केंद्राचा नमुना दुसऱ्या केंद्राने घ्यायचा तर पहिल्या केंद्राचे यंत्र ‘बंद’ अशी आपल्या कक्षाची नोंद लागते. नोंद ‘चालू’ होती. तिची आई म्हणाली, “आमाला मशीन दोन हायेत, आन् एक पन न्हाय.”

८. त्यामुळे शुक्रवारचे दोन तास हाच मार्ग उरला. दि. १६ रोजी अर्जदार सातला केंद्रात आली, नमुना तयार ठेवला, आणि लूमचा आवाज थांबताच संगणक सुरू केला. तपासणी ८ वाजून ७ मिनिटांनी सुरू झाली. ती ९ वाजून ५७ मिनिटांनी संपायची होती. त्या दिवशी वीज ९.४८ ला गेली. संगणकाच्या जुन्या यूपीएसची बॅटरी लूम चालू असताना भरत नाही; त्या सकाळी भरली तेवढी चार मिनिटे चालली. पाच मिनिटे कमी पडली.

९. दि. २३ रोजी नवा नमुना घेऊन तपासणी ७.५९ ला सुरू केली. शेवटचे दोन-तीन लूम तेव्हा चालू होते, पण संगणकाने ते सोसले. सव्वानऊच्या सुमारास एक रुग्ण आला. थुंकीचा नमुना उघड्यावर घ्यायचा असतो, म्हणून अर्जदार त्याला घेऊन मागच्या अंगणात गेली. ती सहा मिनिटांनी परत आली तेव्हा श्री. धनेश खुर्चीवर बसलेले होते आणि पडद्यावर संगणक नव्याने सुरू होत असल्याचे चिन्ह होते. तक्रार ‘सुरू होत नाही’ अशी असल्यामुळे त्यांना तो बंद करून सुरू करून दाखवण्याचा व्हिडिओ पाठवावा लागतो, आणि साडेनऊच्या आत गेला नाही तर हजेरी लागत नाही. ते आनंदाने म्हणाले, “बघा मॅडम, एका झटक्यात!”

काय झाले ते कळल्यावर त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. मग त्यांनी विचारले की जिथे थांबली तिथून पुढे चालू नाही का होणार. होत नाही. प्रत्येक तपासणीला एक कार्ट्रिज लागते आणि ते एकदाच वापरता येते. केंद्रातली शेवटची दोन रूपासाठी वापरून वाया गेली. नवी मागितली असता, चालू यंत्रावर दोन महिन्यांत एकही अहवाल निघालेला नसल्याने साठा देता येत नाही, असे कळवण्यात आले.

१०. म्हणजे यंत्र चालू आहे म्हणून नमुना बाहेर जात नाही, आणि यंत्र चालत नाही म्हणून कार्ट्रिज येत नाही. यात अर्जदाराला एकच जागा सापडली, जिथे काही हलवता येईल : नोंद. शुक्रवार दि. ३० रोजी सकाळी श्री. धनेश येण्यापूर्वी संगणकाचे झाकण उघडण्यात आले व आतली मेमरीची पट्टी काढून घेण्यात आली.

ती मी काढली. केंद्रातल्या दुसऱ्या कोणाचा यात हात नाही व कोणाला माहीतही नव्हते. संगणक सुरू होणार नाही, व्होल्टेज कितीही असला तरी होणार नाही, याची खात्री करून घेतली आणि झाकण लावले. अभियंत्यांच्या समक्ष तो सुरू झाला नाही. पहिल्या तक्रारीपासून प्रथमच त्यांना मला दिसते ते दिसले. त्यांनी झाकण उघडले, रिकामी खाच पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि फॉर्मवर लिहिले : ‘सुटा भाग गहाळ. चोरीचा संशय. स्थिती : तपास प्रलंबित.’ ‘बंद’ असे लिहा अशी मी विनंती केली. ते म्हणाले, “मॅडम, बंद म्हणजे बिघाड. हा बिघाड नाही ना.” ठाण्याच्या केंद्राला विचारले. ‘तपास प्रलंबित’ हा शब्द त्यांच्या यादीत नाही.

११. दि. ३१ रोजी नव्या नमुन्यासाठी बोलावलेली रूपा आली नाही. तिचे वडील थुंकीची डबी घेऊन आले. डबीत रक्ताची रेघ होती. बुधा यांनी विचारले, “मशीन आज पन आजारी हाय का, बाय?” मी हो म्हटले. ते बाकावर बसले आणि म्हणाले की पोर आता उठून बसत न्हाय, तवा परत डबी भरंल का ते सांगता येत न्हाय. तो नमुना मी बर्फपेटीत ठेवला आहे आणि बर्फ रोज बदलते. अशा नमुन्याची तपासणी दहा दिवसांपर्यंत करता येते. मुदत दि. १० फेब्रुवारीला संपते. आज सहा तारीख आहे. मध्ये शनिवार-रविवार आहेत.

१२. संगणक दुरुस्त करावा, ही विनंती मी मागे घेत आहे. स्टॅबिलायझर, कार्ट्रिज, वेगळा वार, यांपैकी काहीही नको. शासकीय यंत्राचा भाग काढून मी ते जाणूनबुजून निकामी केले आहे. त्याबद्दल माझ्यावर कारवाई व्हावी. कारवाईच्या आदेशात माझ्या कृत्यामुळे यंत्र दि. ३० जानेवारीपासून बंद पडले, असे वाक्य लिहावेच लागेल. तेवढे एक वाक्य असलेल्या आदेशाची प्रत सोमवारी कार्यालय सुटण्यापूर्वी मिळाली, तर ती घेऊन मी त्याच संध्याकाळी नमुन्यासह ठाण्याच्या केंद्रात पोचू शकेन. निलंबनाचा आदेश असल्यास तोही चालेल. त्यात यंत्राचा उल्लेख असावा.

मी सोमवारी सकाळी दहापासून आपल्या कार्यालयाच्या बाहेर, बर्फपेटीसह, थांबत आहे.

आदेशाच्या प्रतीक्षेत,

(सही)
उन्नती रामनाथ तरे
प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जानकीबाई स्मारक क्षयरोग निदान केंद्र, भिवंडी
दि. ६/२/२०२६

सोबत :
१) व्होल्टेज नोंदींचा तक्ता, पाने चार.
२) बंद केलेल्या तक्रारींच्या प्रती.
३) डॉक्टरांची चिठ्ठी, सत्यप्रत.
४) मेमरीची पट्टी, एक नग, कागदी पाकिटात.
५) कारवाईच्या आदेशाचा कच्चा मसुदा, आपल्या सोयीसाठी. फक्त सही बाकी आहे.