शेवटच्या रिळाचा हक्क

कामठा, मार्गशीर्ष, सन १९४५

तीर्थस्वरूप उमरावभाऊंस धाकट्या केशोरावचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे धान घरात आले आहे, आणि माझा दमाही थंडी पाहून नेमाने आला आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? आपल्या कॉलेजचे ग्रंथालय माडीवर असल्याने त्या तिकडे फिरकत नसतील, हा आपला फायदाच म्हणायचा (त्यांनी मनावर घेऊ नये).

आपल्या कॉलेजच्या आणि माझ्या शाळेच्या ग्रंथालयासाठी मिळून स्पॅनिश बोलपट घ्यायची कल्पना आपल्या प्रोफेसरांची. त्यांना मुलांना ती भाषा शिकवायची होती. आम्हाला पडद्यावर काहीही हललेले चालणार होते. मुंबईच्या एजंटाने रिळे लगेच दिली, पण चारचौघांत दाखवायच्या हक्काच्या कागदासाठी मला इतके झुलवले, की त्यापेक्षा मुलीचे लग्न जमवणे सोपे गेले असते. रिळे आमची, पण ती नुसती कपाटात ठेवून त्यांच्याकडे पाहायचे, असे त्याचे म्हणणे. शेवटी कागद आला: ग्रंथालयाच्या सभासदांना, विनातिकीट, दोनदा. मी खुशीत चावडीवर सांगून टाकले, की अख्खा गाव आता सभासद आणि बोलपटावर सगळ्यांचा हक्क. तिथेच घोटाळा झाला.

आपले गाव तलावाच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकवून जगणारे. हक्क म्हटला की इथे त्याच्यामागे पाळी आलीच. तलावाचे पाणी वाटून देणारे उदारामजी काठी घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले. "हक्क आहे ना मास्तर? मंग पाळी लागन. वरच्या बांध्यावाले पयले, मंग मधले, मंग शेवटचे." बोलपट म्हणजे पाणी नव्हे, असे मी समजावून पाहिले. ते म्हणाले, "वरचेच पुरं घेऊन बसले तं खालच्याइनं का करावं?" पटांगणही लहान, म्हणून मी रिळे तीन पाळ्यांत वाटून दिली. वरच्या बांध्यांच्या लोकांनी सुरुवात पाहून उठायचे, मधल्यांनी मधली रिळे पाहायची, शेवटच्यांनी शेवट. गोंदियाहून यंत्र घेऊन आलेला मुन्नालाल दर पाळीला यंत्र थांबवून कपाळावर हात मारून घेत होता.

बोलपटात एक आई मुलाला लढाईवर धाडते. वरच्यांनी मुलगा जाताना पाहिला, मधल्यांनी बंदरावर परत आलेला पाहिला, आणि शेवटच्यांनी तो जखमेच्या तापाने गेलेला पाहिला. भाषा कुणालाच कळली नाही आणि त्यावाचून कुणाचे अडलेही नाही. वरचे लोक अजून मला वाटेत थांबवून विचारतात, पोरगा पोहोचला का.

मधल्या पाळीत आपल्या यशोदाकाकू होत्या. त्यांचा मुलगा पुनाराम फौजेबरोबर इटलीला गेला, लढाई संपली, बाकीची पोरे परतली, त्याची मात्र काहीच खबर नाही, हे आपण जाणताच. पडद्यावर आईने मुलाला कवटाळले तशा काकू उठून उभ्या राहिल्या, आणि पाळी संपली म्हणून उदारामजींनी त्यांना हाताला धरून बाहेर नेले. दुसऱ्या दिवशी त्या पुढे काय झाले ते विचारत शेवटच्या बांध्यांच्या लोकांकडे घरोघर फिरल्या. भाऊ, एकाही माणसाने खरे सांगितले नाही. शालीकरामने पडद्यावरच्या मुलाचे लग्न लावले, देवकाबाईने जेवणावळ घातली, मनिरामने तर त्याला गावाजवळ शेत घेऊन दिले. एरवी बांधावरून डोकी फोडणारी ही माणसे. ऐकून मला रडू आले.

पण तलावाच्या रिवाजाप्रमाणे पाळी दर वेळी सरकते. दुसऱ्या खेळाला मधल्यांच्या वाट्याला शेवट येणार, म्हणजे काकूंच्याही. उदारामजी स्वतः त्यांच्याशी खोटे बोलले आहेत, पण रिवाज मोडायला तयार नाहीत. मला झोप लागत नाही.

आपला,
केशोराव

ता. क. एजंटाशी भांडताना मी त्या कागदातले एक अक्षर कमी होऊ दिले नव्हते. तरी आता कॉलेजच्या शिक्क्यानिशी लिहून धाडावे, की शेवटचे रीळ दाखवायचा हक्क आपल्याला मिळालेला नाही. हक्क नाही म्हटले की उदारामजी एक शब्द बोलणार नाहीत. हे पत्र खरे तर यासाठीच लिहिले.

पुन्हा ता. क. वरची विनंती राहू द्यावी. पाकीट बंद करतो तोच काकू आल्या. शेवटचे रीळ गाळायचा माझा बेत त्यांनी ओळखलाच होता; तसे करू नको म्हणाल्या. "मले समजलं होतं रे. लग्न कोनासंगं झालं ते हरेक घरी निराळंच सांगून राहिले." मग म्हणाल्या, "त्या पडद्यावरच्या मायले कळलं तरी असन. मले तं कोनी काहीच नाही सांगून राहिलं." तर आपल्या ओळखीने नागपूरच्या फौजेच्या कचेरीत पुनारामची चौकशी करावी, आणि जे असेल ते तसेच लिहावे. काकूंना मी सांगेन.