लाल दरवाज्याजवळची खोली

४ नोव्हें., मंगळ.
मंगल रिटायर झाली एकदाची. आज फोन. "कुंदे, आते कव्हय जानं?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट कधी जायचं.
धुळ्याच्या होस्टेलात डी.एड. करताना ठरलं होतं, दोघी नोकरीतून सुटलो की दोघींनीच कुठंतरी जायचं. बरोबर नवरे नाहीत, मुलं नाहीत, नातवंडं तर नाहीतच. मी दोन वर्षं आधी सुटले आणि तिच्यासाठी थांबले. ती धुळ्यात, मी जळगावात.
अहमदाबाद पक्कं. तीन दिवस, डिसेंबरचा पहिला आठवडा. तिला अडालजची वाव बघायची आहे, जमिनीत मजलेच्या मजले खाली उतरत जाणारी पायऱ्यांची विहीर. वर्गात चित्र दाखवलं, स्वतः कधी पाहिली नाही. हॉटेल मी शोधणार.

६ नोव्हें., गुरु.
दिवसभर हॉटेलं. स्टेशनाजवळची स्वस्त, पण फोटोत चादरीच दिसत नाहीत. नदीपलीकडची चकाचक आणि महाग. शेवटी लाल दरवाज्याजवळ एक सापडलं. भद्रचा किल्ला, सिदी सय्यदची जाळी, तीन दरवाजा, सगळं पायी. खोली दुसऱ्या मजल्यावर, दोन कॉट, मध्ये खिडकी, खाली बाजार. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. होस्टेलची खोली अशीच होती, फक्त खिडकीतून मेसची चिमणी दिसायची.
फोटो मं.ला पाठवला. हे म्हणाले, "मुलीसाठी स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती."

९ नोव्हें., रवि.
मं.चा फोन. "शैला बी येस म्हने."
शैला म्हणजे तिच्या शेजारची. साताऱ्याकडची, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीनं धुळ्याच्या देवपुरात आलेली, जेमतेम तीन वर्षं झाली. दोघी सकाळी योगाला जातात. गेले वर्षभर प्रत्येक फोनमध्ये शैला असतेच. शैलाने लोणचं दिलं, शैलाने डॉक्टर सांगितला, शैला असं म्हणाली.
मी म्हटलं, तिघींनी प्रवासाला निघू नये. तर हसली. "सुपारी ली लेसूत पर्समा. व्हयनात चार!" आईचा उपाय. तिघं निघाले की चौथी म्हणून सुपारी बरोबर घ्यायची. मीच तिला शिकवला होता.
दोन कॉटची खोली आहे, एवढंच म्हणाले. "मंग तीन कॉटनी देख ना."
भाजी करपली.

१२ नोव्हें., बुध.
शै.ने ग्रुप काढला. नाव ‘चलो अहमदाबाद’. त्यात आम्ही तिघीच. पहिलाच मेसेज: "कशी शेस, कुंदाताई?"
अहिराणी! मं.कडून शिकलीय. आम्ही दोघी बोलायचो तेव्हा होस्टेलातल्या नाशिकच्या मुली तोंडाकडे बघत बसायच्या. ती भाषा आता साताऱ्याला गेली. मी अंगठ्याचं चित्र टाकलं.
मग तिने नदीपलीकडचं हॉटेल टाकलं. तीन बेडची खोली, लिफ्ट, दाराशी रिक्षा. "आपल्याला जास्त चालायला नको." स्वतः रोज चार किलोमीटर चालते, मं.नेच सांगितलंय. मग कुणाला चालायला नको? चोचले.

१४ नोव्हें., शुक्र.
नदीपलीकडच्या हॉटेलचे रिव्ह्यू वाचले, फक्त वाईट वाईट. उशीला वास येतो. नाश्त्याला रोज पोहे. एकाला बाथरूममध्ये झुरळ दिसलं, त्याने फोटोही टाकलाय. तो ग्रुपवर पाठवला. इतकं बरं वाटलं की दुपारी मस्त झोप लागली.
संध्याकाळी आपल्या लाल दरवाज्याच्या हॉटेलचे वाचले. त्यात एकाने लिहिलंय, लिफ्ट महिनोन् महिने बंदच असते. हा नाही पाठवला.
शै.ने विचारलं, तिथे लिफ्ट आहे का? मी लिहिलं, "आहे." आहेच की.

१७ नोव्हें., सोम.
भरिताची वांगी आली बाजारात. हिरवी, भली मोठी. पाच किलो घेऊन धुळे गाडीच्या कंडक्टरकडे दिली. मं. स्टँडवरून घेणार होती. घ्यायला शै. गेली. रात्री मं.चा मेसेज, "शैलाना घर भरीत करं. मस्त!" खाली फोटो. भरीत, कळण्याची भाकरी, आणि शै. कढईशी उभी राहून हसतेय.
माझी वांगी.
हे म्हणाले, खाणाऱ्याने कुठे खाल्लं याला काय महत्त्व. ह्यांना काय सांगणार. जळतंय, दुसरं काही नाही. साठीला आल्यावर माणसाला असं होतं हे कुणाला सांगायचीही लाज.

१९ नोव्हें., बुध.
ठरवलं. उद्या धुळ्याला जायचं, न सांगता. समोरासमोर बसून खोलीचे फोटो दाखवायचे आणि स्पष्ट म्हणायचं, मंगल, मला दोघींनीच जायचंय.
बोलायची वाक्यं तीनदा पाठ केली.

२० नोव्हें., गुरु.
सकाळची एस.टी. एरंडोल, पारोळा, साडेदहाला धुळं. स्टँडवरून रिक्षा.
मं.च्या फाटकाशी पोचले तर ती वरच्या मजल्यावरून जिना उतरत होती. हात शै.च्या गळ्यात. पहिल्यांदा तेवढंच दिसलं. हात. परत फिरावं वाटलं.
मग पाय दिसले. एक पाऊल खाली, दुसरं त्याच पायरीवर, थांबायचं, दम घ्यायचा. आडवी होऊन उतरत होती, लहान मूल उतरतं तशी.
मला बघून तिचा चेहरा पडला. "सांगनं नई, काई नई, एकदम कशी उनी?"
उजवा गुडघा. दीड वर्ष झालं. ऑपरेशन सांगितलंय, ती टाळतेय. शै.ला सगळं माहीत. गोळ्या, शेक, रात्री उठायला लागलं तर कुठल्या बाजूने आधार द्यायचा तेही. दीड वर्ष आठवड्याला दोन फोन, आणि मला एका शब्दानं नाही.
शै. चहा करायला आत गेली तेव्हा विचारलं. माझा आवाज चढलाच. मं.ने पदर गुडघ्यावर ओढून घेतला.
"तुनासमोर माले लंगडानं नव्हतं, कुंदे. तू माले होस्टेलना जिनावरथून पयतांना देखेल शे."
दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायची. मी खाली पुस्तकं धरून उभी असायचे.
खोलीचे फोटो पर्समधून काढलेच नाहीत. दुसरा मजला, बंद लिफ्ट.

२१ नोव्हें., शुक्र.
शै.ला फोन केला, स्वतःहून. सांगून टाकलं की लिफ्ट बंद असते हे मला आठवडाभर माहीत होतं. ती म्हणाली, "मीही वाचला होता तो रिव्ह्यू, कुंदाताई."
मग मंगलला का नाही सांगितलंस?
"तुम्ही एवढ्या मनानं शोधलं होतं. म्हटलं, तुम्हीच बदलाल."
आता तर तिचा जास्तच राग येतोय. निदान तिने वाईट तरी असायचं.

२३ नोव्हें., रवि.
परत शोध. चालायला कमी, पायऱ्या नकोत, कमोड हवा. नऊ हॉटेलांना फोन. सगळे म्हणतात, लिफ्ट आहे. मी विचारते, चालू आहे का, आत्ता, या मिनिटाला? दोघांनी फोन ठेवला. एलिसब्रिजकडचा एक म्हातारा मॅनेजर मात्र हसला, फोन घेऊन लिफ्टमध्ये शिरला, वर जाऊन खाली आला. "सुना, बहेन?" दार बंद झाल्याचा आवाज आला. तेच घेतलं.
तिघींची खोली नाही त्यांच्याकडे. एक डबल, एक सिंगल, शेजारी शेजारी.

२६ नोव्हें., बुध.
मॅनेजरने कुठल्या खोलीत कोण ते विचारलं. डबलमध्ये मंगल आणि शैला लिहून पाठवलं. रात्री उठवायचं कसं ते शै.ला येतं, मला येत नाही. हे डोकावले आणि म्हणाले, "मग तू कशाला जातेस?"
संध्याकाळी तिघींचा एकत्र फोन. मं. म्हणाली, "वावमा तुमी दोन्ही उतरा, मी वर बठसू. फोटो दखाडा." मी म्हटलं, मीही वरच बसेन. शै. म्हणाली, मग मी एकटी खाली जाऊन काय करू, मीही बसते. म्हणजे एवढ्या लांब जाऊन तिघी काठावर बसणार! मं. हसत सुटली. किती दिवसांनी तशी हसली. आणि मला आधी हेच वाटलं, की शै.नं हसवलं की मी.
मॅनेजरचा फोन आला होता नंतर. सिंगलवाल्या खोलीतही कॉट दोन आहेत, म्हणाला, पैसे एकाचेच घेऊ. मं. माझ्याकडे झोपली तर रात्री आधार कुठल्या बाजूने द्यायचा, ते शै.ला विचारून घ्यावं लागेल. विचारायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला.
सुपारी पर्समध्ये टाकली आहे. दुसऱ्या कॉटचं दोघींनाही अजून सांगितलेलं नाही.